शेडपर्यंत लाईट नेण्यासाठी घेतलेली आर्मर्ड केबल, दोन वर्षं वापरून झाल्यावर

घरापासून शेड साधारण 35 मीटर लांब. आधी खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड टाकून काम चालवायचो, ग्राइंडर लावला की शेडमधला बल्ब मंद व्हायचा आणि एकदा प्लग हाताला चांगलाच गरम लागला तेव्हा ठरवलं की आता हे बास, कायमचं काम करायचं. मग तांब्याची 3 कोर (आत तीन तारा), प्रत्येक तार 6 स्क्वेअर एमएम जाडीची अशी आर्मर्ड केबल घेतली, आत एक्सएलपीई (उष्णता सोसणारं प्लॅस्टिक) इन्सुलेशन, त्यावर लोखंडी तारांचं कवच आणि वर काळं पीव्हीसी.

दुकानदार म्हणाला अडीच एमएम पुरेल, स्वस्तात होईल. पण हिशोब केला, या अंतरावर 20 अँपियर ओढले तर अडीचमध्ये 12-13 व्होल्ट वाटेतच जातात, सहामध्ये 5च्या आसपास. आणि मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते, तेव्हा हा ड्रॉप, म्हणजे वाटेत जाणारे व्होल्ट, अजून वाढतो. त्यामुळे जाड घेतली ते फार बरं झालं. आता कॉम्प्रेसर चालू होतो तेव्हा लाईट जेमतेम पापणी हलवल्यासारखी करते, बस.

केबल म्हणून माल उत्तम आहे. आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो, त्यामुळे माप तिथेच तपासता आलं, कुणाच्या शब्दावर राहायची गरज नाही. वाकवायला मात्र अतिशय ताठ, एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही. वेटोळं चाकासारखं गोल फिरवत उलगडायचं, टोक धरून ओढलं की पीळ पडतो. अडीच फूट खोल चर खणली, खाली वाळू, केबल, परत वाळू, त्यावर विटा आणि वर पिवळी धोक्याची पट्टी. या वर्षी झाड लावताना कुदळ आधी त्या पट्टीलाच लागली, लगेच हात थांबवला. ती पट्टी कुणी टाळू नका, अगदी मनापासून सांगतो.

तक्रार आहे ती सोबत आलेल्या ग्लँडबद्दल, म्हणजे केबलचं टोक डब्याला घट्ट बसवायच्या पितळी जोडाबद्दल. पितळ पातळ, एकाचे आटे कसतानाच गेले. ग्लँड म्हणजे नुसतं केबल धरून ठेवायचं बूच नव्हे, कवच अर्थला जोडलं जातं ते तिथूनच, उद्या कुदळ खरंच केबलमध्ये घुसली तर घरातला एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडायला तोच रस्ता लागतो. दोन्ही टोकांना वेगळे चांगले डबल कॉम्प्रेशन ग्लँड (कवच आणि बाहेरचं आवरण दोन्ही आवळणारे) आणून बसवले. केबलला पाच तारे, ग्लँडला एक.

वायरमन दादांनी काम मन लावून केलं. चर बुजवायच्या आधी 500 व्होल्टचा मेगर लावून इन्सुलेशन तपासलं, मगच माती टाकायला दिली. घरी 32 अँपियरचा एमसीबी, शेडमध्ये छोटा डीबी (स्विचांचा डबा) आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की बंद होणारा स्विच), म्हणजे शेडमध्ये काही गळती झाली तर तिथेच पडतो, घर अंधारात जात नाही. शेडच्या डीबीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडू दिले नाहीत, ते मला आधी कळतच नव्हतं का. दादांनी समजावलं की तिथे जोडले तर परतीचा करंट अर्थच्या तारेतून आणि केबलच्या कवचातूनही वाहायला लागतो, म्हणजे ज्या लोखंडाला हात लावायला भीती नसावी तिथेच करंट. शेडजवळ अर्थिंगचा वेगळा रॉडही ठोकला.

दोन पावसाळे झाले, आरसीसीबी एकदाही विनाकारण पडला नाही. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबतो, दर वेळी पटकन पडतो.

फक्त एक गोष्ट राहून गेली. चर उघडी होती तेव्हाच शेजारी थोडं अंतर ठेवून एक रिकामा पाईप टाकायला हवा होता. आता शेडमध्ये इंटरनेटची वायर न्यायची आहे आणि त्यासाठी सगळी 35 मीटर चर पुन्हा खणायची, तीही त्या पट्टीला जपत.