पुलावरचा टोल की खरेदीवरचा कर?

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवती राहणाऱ्या मतदाराकडे रस्ते, बस आणि बार्ट या खाडीभागातल्या रेल्वेसाठीचा पैसा बहुधा दोन वाटांनी मागितला जातो: काउंटीचा जादा विक्रीकर किंवा पुलांवरचा जादा टोल. फ्रीमाँटमध्ये राहून खाडीपलीकडे नोकरी करत असल्यामुळे मी दोन्ही भरतो, आणि दोन्हींच्या बाजूने मतही दिलेले आहे.

जो पूल वापरतो त्याने पैसे मोजावेत, हे टोलमागचे तत्त्व मला आजही पटते. २०१८ च्या जूनमध्ये मंजूर झालेल्या प्रस्तावाने सात पुलांचा टोल २०१९, २०२२ आणि २०२५ या वर्षी एकेक डॉलरने वाढवला, आणि त्यासाठी साधे बहुमत पुरेसे होते. काउंटीने वाहतुकीसाठी मांडलेल्या विक्रीकराला मात्र दोन तृतीयांश मते लागतात. आमच्या अलामीडा काउंटीत २०१२ साली ६६.५३ टक्के मते मिळूनही प्रस्ताव पडला, कारण दोन तृतीयांशाला तो अगदी थोडक्या मतांनी कमी पडला. त्या प्रस्तावातला कर कायमचा होता. २०१४ मध्ये तोच पुन्हा मांडताना त्याला २०४५ ची मुदत घातली गेली आणि सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांनी तो उचलून धरला. कठीण अटीमुळे मागणारा जरा नमतो, असे मला तरी त्यातून दिसले. अर्थात कराच्या खर्चाच्या आराखड्यात नाव असले म्हणजे काम होतेच असे नाही: लिव्हरमोरपर्यंतच्या बार्टसाठी ४० कोटी डॉलर राखलेले असूनही २०१८ मध्ये बार्टच्या संचालक मंडळाने तो मार्ग नाकारला.

विक्रीकराविरुद्धचा खरा आक्षेप असा की, कमी मिळकतीच्या घराला तो अधिक जाचतो. किराणा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे करमुक्त असल्याने ती धार थोडी बोथट होते, पण जात नाही, हे मान्य करायला हवे.

तरीही माझे मन विक्रीकराकडे झुकले ते एका क्षुल्लक कटकटीमुळे. नवी गाडी घेतल्यावर तिचा क्रमांक टोलच्या खात्यात नोंदवायचे मी विसरलो, आणि टॅग जुन्या गाडीबरोबरच गेला. चूक सर्वस्वी माझी होती; पण सूचनांची पाकिटे जुन्या पत्त्यावर जात राहिली, आणि ती माझ्या हाती पडेपर्यंत मूळ टोलपेक्षा दंडच जास्त झाला होता. त्यानंतरच्या कित्येक संध्याकाळी फोन कानाला लावून, जुने संदेश चाळून, कोणत्या तारखेला कोणती गाडी कुठे होती हे मी सिद्ध करत बसलो. विक्रीकर दुकानाच्या गल्ल्यावरच कापला जातो. माझी गाडी कोणती आणि पत्ता कोणता, याची त्याला गरज नसते. आपल्याकडच्या फास्टॅगला सरावलेल्यांना ही तक्रार कदाचित फुसकी वाटेल. मात्र पलीकडच्या मित्राकडे रविवारी चहाला निघतानाही माझ्या मनात आधी टोल येतो, आणि वॉशिंग मशीन घेताना त्यावरचा वाहतुकीचा कर किती, हे मी बिलावर कधी शोधलेले नाही.