गॉडझिला घ्यायचा तर पोकळ व्हिनाइलचा की सांध्यांचा?

जपानी चित्रपटांतल्या महाकाय राक्षसाचं खेळणं, म्हणजे पहिला गॉडझिला घेताना मुंबईकर दोघांत अडकतो: जपानी खेळणी कंपनी बांदाईच्या मूव्ही मॉन्स्टर सीरिजमधला मऊ व्हिनाइलचा आणि तिच्याच एस. एच. मॉन्स्टरआर्ट्स मालिकेतला, सांधे हलणारा.

व्हिनाइलचा आतून पोकळ असतो. तापलेल्या साच्याच्या भिंतीला द्रव व्हिनाइलचा थर धरला, की उरलेलं ओतून देतात. म्हणून तो हलका. पोरांच्या हातून पडला तरी सहसा काही बिघडत नाही. हातपाय नि शेपूट जागच्या जागी फिरतात, बस्स. पण 1954च्या मूळ चित्रपटात रबरी पोशाखातला माणूस जसा जड पावलं टाकत चालतो, तो भारदस्तपणा याच ठोकळेबाज अंगात उतरतो. मला हाच जास्त आवडतो.

मॉन्स्टरआर्ट्सची शेपूट मणक्यामणक्यानं वळते, जबडा उघडतो, रंगकाम बारीक. किंमत मात्र कितीतरी जास्त, आणि सांध्यांच्या फटींत बसलेली धूळ ब्रशनंच निघते.

उकाड्यात, बंद काचेच्या कपाटात दोन्हींचं पीव्हीसी (व्हिनाइल प्लास्टिक) चिकट होऊ शकतं. कपाट अधूनमधून उघडा, कोमट साबणपाण्यानं पुसा. स्वस्तातला मॉन्स्टरआर्ट्स क्रॉफर्ड मार्केटकडे दिसलाच, तर पैसे देण्याआधी प्रत्येक सांधा हलवून बघा.