मॉडेल ए वरचा जुना स्पार्टन हॉर्न: पावसाळा-हिवाळा वापरल्यानंतर

आमच्या 1930 च्या फोर्ड मॉडेल ए गाडीला जूनच्या तोंडावर जुना स्पार्टन हॉर्न बसवला. अख्खा पावसाळा आणि हिवाळा रविवारच्या फेऱ्यांना वापरला, म्हणून आता लिहितोय. हॉर्न झकास आहे. पण असा जुना हॉर्न घेणार असाल, तर वरच्या पट्टीवरचं नाव वाचून पैसे देऊ नका. आधी मागचं टोपण उघडा.

मॉडेल ए चे हॉर्न फोर्ड बाहेरच्या कंपन्यांकडून घ्यायची: स्पार्टन, एम्स, ई.ए., स्टुअर्ट-वॉर्नर. त्यामुळे 'हाच खरा फोर्डचा' असा एकच हॉर्न नाही. स्पार्टन म्हणजे मिशिगनमधल्या जॅक्सन गावची स्पार्क्स-विदिंग्टन, पुढे रेडिओही करणारी. इतक्या वर्षांत कुणाचा कर्णा, कुणाची मोटर, तिसऱ्याचं टोपण अशी जोडाजोड सर्रास झालेली असते. माझ्या हॉर्नचाही कर्णा बदललेला आहे, पण मोटर आणि पडदा (थरथरून आवाज काढणारी पोलादी चकती) मूळचे आहेत आणि माझ्या लेखी किंमत त्यांचीच.

आत एक छोटी मोटर असते. तिच्या दांड्याच्या टोकाला दातेरी चक्र आणि समोर पोलादी पडद्याच्या मधोमध टणक बटण. दाते बटणावर आपटतात आणि पडदा थरथरतो. मोटर वेग घेते तसा सूर चढतो, गाडीतलं हॉर्नचं बटण सोडलं की उतरतो, म्हणून तो 'आऽऽ-ऊऽ-गा'. ही रचना मिलर रीस हचिसनची. न्यूअर्कच्या लव्हेल-मॅकॉनेल कंपनीने 1908 पासून ती 'क्लॅक्सन' नावाने बाजारात आणली आणि तेव्हापासून असा आवाज करणाऱ्या प्रत्येक हॉर्नला लोक क्लॅक्सनच म्हणतात. खऱ्या क्लॅक्सनवर लव्हेल-मॅकॉनेलचं नाव असेल तर तो साधारण 1916 पर्यंतचा धरावा, कारण त्या साली ती कंपनी युनायटेड मोटर्सकडे आणि तिच्यासोबत पुढे जनरल मोटर्सकडे गेली. पट्टीवरच्या पेटंटच्या तारखा मात्र एवढंच सांगतात की हॉर्न त्याआधीचा नाही.

ज्यात मोटर नाही, ते घराणंच वेगळं. फोर्डच्याच आधीच्या मॉडेल टी गाडीला 1915 पासून मॅग्नेटोवर (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावर) चालणारा हॉर्न आला. त्यात फक्त कॉइल आणि पडदा. मॅग्नेटोचा करंट स्वतःच उलटसुलट वाहतो, म्हणून पडदा घुरघुरतो. बॅटरी लावली तर एकदा टक् करून गप्प बसतो. असे चांगले हॉर्न 'जळालेला' म्हणून भंगाराच्या भावात गेलेले पाहिलेत, आणि ते बघवत नाही.

अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू दिसले तर सावध व्हा. ते मोटारींत 1930 च्या दशकाच्या मध्यानंतर आले. त्याआधीच्या हॉर्नवर ते असतील तर निदान तेवढा भाग तरी नंतरचा आहे.

आता वापराचं. ऑगस्टमध्ये आवाज बसला, सूर चढेनाच. कम्युटेटरवर (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या, खाचा असलेल्या तांब्याच्या कड्यावर) कार्बनची भुकटी आणि ओल साचली होती. बारीक पॉलिश पेपरने हलक्या हाताने साफ केलं आणि प्रश्न मिटला. एमरी पेपर नको, त्याचे कण खाचांत अडकले की शॉर्ट होतं. नंतर मागचा नट सैल करून ॲडजस्टिंग स्क्रू पाव फेरा आत, थोडा बाहेर असं करत सूर लावला. जास्त आवळला की मोटर दबते आणि नुसती गुणगुणते, सैल राहिला की दाते बटणाला लागतच नाहीत. मधली जागा फार अरुंद आहे आणि ती कानानेच सापडते. आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन काका ती डोळे मिटून लावतात.

गाडी 6 व्होल्टची, पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं. या मोटरला त्याने फरक पडत नाही, फिरायची दिशा तीच राहते. 12 व्होल्टवर मात्र अजिबात लावू नका, आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) जळेल. वायर जाड हवी आणि ब्रॅकेटखालचा गंज, रंग खरवडून काढायला हवा. माझ्याकडे अर्धा आवाज तिथेच अडकला होता.

चक्राचे दाते किंवा बटण झिजलं असेल, तर कितीही ॲडजस्ट करा, आवाज फाटकाच येतो. घेताना टोपण काढून दांडा हाताने फिरवा आणि प्रत्येक दाता बटणावर कट्कट् वाजतो का ऐका. विकणारा टोपण उघडू देत नसेल, तर तिथून निघा.