हाताची रेघ संगणकात आणायची कशी? स्केच कमांड, ट्रेसिंग की ऱ्हायनो

कोल्हापुरात हात चालणाऱ्या माणसांना तोटा नाही. हुपरीत पैंजणाचे, गुजरीत साजाचे नमुने पेन्सिलीनं झरझर काढणारे आहेत. अडतं ते पुढं. लेझरवाला किंवा सीएनसीवर, म्हणजे संगणकानं चालणाऱ्या मशिनवर, डाय (ठसा) करणारा म्हणतो, "कागद नको, डीएक्सएफ फाइल आणा." म्हणजे मशिनला वाचता येईल अशी रेघांची फाइल. मग प्रश्न पडतो, की संगणकातच हातानं काढायला शिकायचं, का कागदावरचं वरून गिरवायचं?

माझं मत आधीच सांगतो. काम मशिनवर जाणार असेल तर कागदावर काढा आणि स्प्लाइननं, म्हणजे मोजक्या बिंदूंवरून बनणाऱ्या सलग वक्ररेषेनं, गिरवा. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट पडद्यावर काढलेली रेघ फक्त डोळ्यांनी बघायच्या कामाची.

ऑटोकॅडची स्केच कमांड आधी घेऊ, कारण ती बहुतेकांच्या हाताशी असते. एकदा क्लिक करून माउस फिरवायचा, रेघ मागोमाग येते, परत क्लिक केलं की थांबते, एंटर मारला की पक्की होते. दिसायला मजेशीर आहे. पण ती रेघ म्हणजे खरं तर छोट्या सरळ तुकड्यांची रांग असते. तुकडा केवढा, ते इन्क्रिमेंट या सेटिंगवर ठरतं, आणि मेट्रिक (मिलिमीटरच्या) टेम्प्लेटमध्ये ते सुरुवातीला १ असतं. साजातलं कासव धरा, १२ मिलिमीटरचं. १ मिलिमीटरच्या तुकड्यांनी त्याची पाठ कोनाकोनांची दिसते. इन्क्रिमेंट ०.१ केलं तर दिसायला बरं, पण ४० मिलिमीटरच्या बाह्यरेषेत ४०० तुकडे होतात. त्यातही टाइप 'लाइन'वरच ठेवलात, आणि सुरुवातीला तो तोच असतो, तर ते ४०० तुकडे सुटे. एक हलवायला गेलात की बाकीचे जागेवर. म्हणून टाइप पॉलिलाइन (सगळे तुकडे जोडलेली एकच रेघ) किंवा स्प्लाइन करून घ्या. स्प्लाइनमध्ये टॉलरन्स, म्हणजे हाताच्या रेघेपासून हटायची मुभा, वाढवला की हाताचा थरथराट थोडा पुसला जातो. आणि एफ-८, एफ-९ बंद आहेत ना ते बघा. ऑर्थो (रेघ फक्त आडवी-उभी) किंवा स्नॅप (बिंदू ठरावीक अंतरावरच) चालू राहिलं तर कासवाच्या पाठीला जिन्यासारख्या पायऱ्या येतात.

मशिनला या तुकड्यांचा त्रास का, तेही समजून घ्या. फीड, म्हणजे हत्यार सरकायचा वेग, मिनिटाला १००० मिलिमीटर आणि तुकडा ०.१ चा असेल, तर मशिन चालवणाऱ्या कंट्रोलरला मिनिटाला १०,००० ओळी वाचाव्या लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७. जुना कंट्रोलर अडखळतो, प्रत्येक बारीक कोपऱ्यावर वेग कमी करतो, आणि कडेवर बारीक दाते उमटतात. मग पॉलिशवाल्याचं काम वाढतं.

आता दुसरा रस्ता. कागदावर काढा, तेही दुप्पट-तिप्पट मोठं, आणि शेजारी मापाची एक रेघ ओढून ठेवा. मोबाइलनं फोटो काढू नका. कॅमेरा जरा कलला की एक बाजू मोठी येते. झेरॉक्सच्या दुकानात ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून घ्या. त्यात एक पिक्सेल साधारण ०.०८५ मिलिमीटरचा येतो, म्हणजे पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ सहा पिक्सेल जाड दिसते. चित्र ऑटोकॅडमध्ये जोडायचं, मापाच्या रेघेवरून रेफरन्स देऊन स्केल करायचं, आणि वरून स्प्लाइन ओढायची. कासव डावी-उजवीकडे सारखंच, मग अर्धंच गिरवा आणि मिरर करा. पाठीचा मध्य, पायाची वळणं, शेपटी, एवढ्या ठिकाणी मोजके बिंदू पुरतात. बिंदू जितके कमी, तितकं वळण गुळगुळीत. नवशिके नेमकं उलटं करतात, रेघ पेन्सिलीवर बसावी म्हणून बिंदूंची माळ लावतात. लेझरवाल्याचं सॉफ्टवेअर स्प्लाइन वाचत नसेल तर शेवटी पॉलिलाइनमध्ये बदलून द्या, पण मूळ फाइल जपून ठेवा.

"हे आपोआप होत नाही का?" असं हमखास विचारतात. होतं. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चित्रावरून बाह्यरेषा काढून डीएक्सएफही देतं. पण साध्या ट्रेसमध्ये पेन्सिलीच्या रेघेच्या दोन्ही कडा दोन वेगळ्या रेघा होऊन येतात, आणि लेझर दोन्हीवरून फिरतो. सेंटरलाइनचा पर्याय निवडला तर एकच रेघ येते, तरी साफसफाई तुम्हालाच करावी लागते. भरीव काळ्या नक्षीसाठी मात्र ते झकास आहे.

तिसरा रस्ता ऱ्हायनो, थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर. त्यातही स्केच नावाचीच कमांड आहे, पण निघते ती सलग वक्ररेषा. रिबिल्ड करून बिंदू कमी करता येतात, कर्व्हेचर ग्राफ लावला की कुठं फुगवटा आहे ते कंगव्यासारखं दिसतं. रेघ वाकड्या पृष्ठभागावरही ओढता येते, त्यामुळं उठावदार काम, ओतकामाचे दागिने करायचे असतील तर हाच घ्या. दागिन्यांच्या डिझाइनचं मॅट्रिक्सगोल्ड हे सॉफ्टवेअर त्यावरच उभं आहे. पेन टॅबलेट (पेननं काढायची पाटी) घ्यायचा तर इथं उपयोग आहे. ऑटोकॅडच्या स्केचसाठी मी तरी तो घेणार नाही.

पेननं पडद्यावर काढायचं खूळ नवं नाही. आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत स्केचपॅड हा चित्र काढायचा प्रोग्रॅम केला, त्यात लाइट पेन होता. पण पेननं टोकं दाखवायची आणि रेघ संगणकानं सरळ ओढायची, अशीच त्याची रीत होती.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनी यात पडूच नये. कास्टिंगच्या ड्रॉइंगमध्ये हातच्या रेघेला जागा नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात मात्र स्केच कमांड खपून जाते, प्लॉटवरची झाडं, बांध, तुटक कडा यांसाठी. पंचगंगेचा काठ सजावटीपुरता काढलात तर चालेल. पूररेषा कधीच तशी काढू नका. निळी आणि लाल रेषा जलसंपदा विभागाच्या नकाशावरूनच घ्या.

पैशाचं म्हणाल तर ऑटोकॅड वर्गणीवर चालतं, ऱ्हायनोचं लायसन्स एकदाच घ्यायचं. ऱ्हायनो ९० दिवस पूर्ण वापरून बघता येतो, नंतर फाइल सेव्ह होत नाही. तेव्हा हातात एखादी ऑर्डर असतानाच ते दिवस सुरू करा.