‘पॉवर पॉड’ घेताय? आधी तो घरी ठेवून पळून बघा

पुण्यातल्या रनिंग ग्रुपांवर ‘ओपन बॉक्स’ पॉवर पॉड, म्हणजे बुटाला लावून पळताना लागणारा जोर वॅटमध्ये दाखवणारा सेन्सर, विकणारा एक तरुण फिरतोय. बोलायला गोड, स्वतः छान पळणारा, आणि घड्याळाच्या सेटिंगमध्ये त्याची बोटं इतक्या सफाईने चालतात की आपण नुसतं बघत राहावं. माझ्याकडून त्याने पॉडचे साडेचौदा हजार आणि ‘सेटअप-कॅलिब्रेशन’चे वर पंधराशे घेतले. हातात दिला तो सायकलच्या पेडलचे फेरे मोजणारा सेन्सर. बाजारात तो दोन-अडीच हजारांत मिळतो.

खोटी वस्तू विकणं जुनंच आहे. पण या पठ्ठ्याने खोट्या वस्तूवर घड्याळात पटण्यासारखे आकडे आणून दाखवले, आणि ते कसं केलं हे कळल्याशिवाय कोणीही त्याला पकडू शकणार नाही. म्हणून जरा तपशिलात लिहिते.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं. पुण्यात सपाट रस्ता मिळणं मुश्किल. चांदणी चौकाकडे चढा, एनडीए रोडला जा, नाहीतर वेताळ टेकडीवर. किलोमीटरला किती मिनिटं लागली हा हिशोब चढावर कोलमडतो. हृदयाचे ठोके बघावेत तर ते मागून येतात, चढ संपत आल्यावर वाढतात. वॅटमधला आकडा मात्र त्या क्षणी किती जोर लागतोय ते सांगतो, त्यामुळे चढावर जीव न काढता आणि उतारावर न आळसावता पळता येतं. हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला हा मोह पडणारच.

आता यातली मेख. सायकलवाल्यांचं पॉवर मीटर क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) किंवा पेडलवर पडणारा जोर स्ट्रेन गेजने, म्हणजे ताण मोजणाऱ्या पट्टीने, खरोखर मोजतं. धावण्यात असं कुठे सहज काही बसवता येत नाही. स्ट्राइड कंपनीच्या पॉडसारखा बुटाच्या लेसवर लावायचा पॉड पायाची हालचाल आणि चढ-उतार टिपतो, 2019 नंतरची मॉडेलं वाराही धरतात, आणि त्यात आपलं वजन घालून गणिताने वॅट काढले जातात. म्हणजे हा आकडा मॉडेलने काढलेला अंदाज आहे. आणि गेल्या काही वर्षांत घड्याळंही हा अंदाज स्वतःच काढायला लागली आहेत. पोलारने 2018 मध्ये व्हँटेज व्हीपासून मनगटावर सुरू केलं, ॲपलने 2022 मध्ये वॉचओएस 9 बरोबर दिलं, आणि गार्मिनच्या माझ्या घड्याळातही ते मुळातच आहे. पायात काहीही नसताना घड्याळ वॅट दाखवतं. सगळा खेळ याच्यावर उभा होता.

आम्ही भेटलो ते विद्यापीठाच्या आवारात, सकाळी. बॉक्स सीलबंद नव्हता, पण ‘ओपन बॉक्स’ म्हटल्यावर तो तसाच असणार. त्याने आधी मला पॉडशिवाय थोडं पळायला लावलं. किलोमीटरला सात मिनिटांच्या पेसला घड्याळ 185 वॅटच्या आसपास दाखवत होतं. “ताई, हा मनगटाचा अंदाज आहे, कमीच दाखवतो. आता बघा.” मग घड्याळ मागून घेतलं, सेन्सरच्या यादीत पॉड जोडला, ‘कनेक्टेड’ हा शब्द माझ्यासमोर धरला, आणि “तुमचं प्रोफाइलही नीट लावतो” म्हणत आणखी काही बटणं दाबली. मी पुन्हा त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पळाले. आता 217.

तीस-बत्तीस वॅटचा फरक डोळ्यांसमोर पडल्यावर कोण कशाला शंका घेईल? पैसे यूपीआयने दिले, त्याने बिल व्हॉट्सॲपवर पाठवलं, पॉड लेसमध्ये अडकवूनही दिला. मी कंपनीच्या ॲपबद्दल विचारलं होतं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं: “ते ॲप आपल्याकडे नीट चालत नाही ताई, आणि घड्याळात थेट येतंय तर मेंबरशिपचा खर्च कशाला?” या वाक्याकडे पुन्हा येते.

पुढे धावताना वॅट रोज दिसत होते, चढावर वाढत होते, उतारावर कमी होत होते. सगळं जसं असायला हवं तसं. खटकलं ते भलतंच. त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेगाने पळूनही घड्याळ कॅलरी जास्त दाखवायला लागलं होतं. भाचा सुट्टीत घरी आला होता, इंजिनिअरिंगला आहे, त्याला म्हटलं बघ रे जरा. त्याने पहिल्यांदा घड्याळातलं युझर प्रोफाइल उघडलं.

“मावशी, तुझं वजन अडुसष्ट आहे?”

माझं वजन अठ्ठावन्न आहे. चार लग्नांची जेवणं झोडूनही ते इतकं वाढलं नसतं. भाच्याने तिथेच मोबाइलवर गुणाकार केला: 185 गुणिले 68, भागिले 58. उत्तर 217. म्हणजे पॉड लावल्यावर वाढलेले वॅट पॉडचे नव्हतेच. ‘प्रोफाइल नीट लावतो’ म्हणून जी बटणं दाबली होती, त्यात माझं वजन दहा किलोंनी वाढवलं होतं. वॅटचं गणित वजनाच्या प्रमाणात चालतं, आणि कॅलरीही वजनावरून काढल्या जातात, म्हणून त्या सोबत चढल्या. बिचाऱ्याला कॅलरीचं सुचलं नसावं.

गंमत अशी की हा खोटेपणाही उलट्या दिशेने केलेला होता. गार्मिनचा आकडा स्ट्राइडच्या आकड्यापेक्षा साधारणपणे बराच जास्त येतो. दोघांची मॉडेलं वेगळी आहेत. खरा पॉड असता तर माझा आकडा 185 वरून वर न जाता खाली, दीडशेच्या आतबाहेर आला असता. पण वाढलेला आकडा बघून गिऱ्हाईक खूश होतं, हे त्याला बरोबर ठाऊक.

मग आम्ही पॉड घरी ठेवला आणि मी सोसायटीला फेरी मारून आले. वॅट जसेच्या तसे. भाच्याने उलटंही करून बघितलं: रन ॲक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये ‘रनिंग पॉवर’ असतं, त्यात ‘स्टेटस’ बंद केलं आणि पॉड पायात घालून मला पळवलं. घड्याळावर एकही वॅट नाही.

पॉड नेमका काय आहे हेही त्याने शोधलं. घड्याळाच्या सेन्सर यादीत आत जाऊन तपशील बघितला तर ‘फूट पॉड’ (बुटावरचा वेग-अंतर मोजणारा सेन्सर) ऐवजी ‘कॅडन्स’ होतं. कॅडन्स म्हणजे मिनिटाला पडणारे पेडलचे फेरे किंवा पावलं. शिवाय नॉर्डिक सेमिकंडक्टरचं ‘एनआरएफ कनेक्ट’ नावाचं फुकट ॲप आहे, त्यात जवळपासचं ब्लूटूथ उपकरण स्वतःला काय म्हणवतं ते दिसतं. ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाला ठरलेला क्रमांक असतो. धावण्याचा वेग आणि कॅडन्स 1814, सायकलचा वेग आणि कॅडन्स 1816, सायकलची पॉवर 1818. स्ट्राइडसारखा पॉड ब्लूटूथवर वॅट पाठवताना सायकलच्या पॉवरचाच 1818 वापरतो, तेव्हा तो दिसला तर घाबरू नका. आमच्या पॉडमधून निघत होता 1816. झाकण फिरवलं तर आत सीआर2032 हा साधा बटण सेल. पायात लावायच्या काही चांगल्या सेन्सरमध्येही बटण सेल असतो, त्यामुळे तेवढ्यावर खोटं ठरवू नये. पण याच्या बॉक्सवर वायरलेस चार्जिंगची बैठक छापलेली होती आणि आत बैठकही नाही, चार्ज होणारी बॅटरीही नाही. बॉक्स कुठलासा, माल कुठलासा.

बिलाकडे नंतर लक्ष गेलं. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असतो; पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27, आणि पुढची दहा अक्षरं त्या व्यापाऱ्याचा पॅन. याच्या बिलावर सुरुवात 27 नेच होती, पण मोजली तर अक्षरं चौदा. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून व्यापाऱ्याचं नाव फुकट बघता येतं. आयात मालाच्या बॉक्सवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किंमत छापलेली असावी लागते. तो स्टिकर कुठेच नव्हता. ओपन बॉक्स असला म्हणून स्टिकर उडून जात नाही.

आता ॲपवाल्या वाक्याकडे. पॉड खरा की खोटा हे लपवता येत नाही अशी एकच जागा आहे, ती म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचं स्वतःचं ॲप. स्ट्राइडचं उदाहरण घ्या. पॉड आधी फोनवरच्या ॲपमध्ये आपल्या खात्याला जोडायचा, वजन-उंची भरायची, फर्मवेअर (पॉडमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करायचं. गार्मिनचं घड्याळ असेल तर गार्मिनच्या कनेक्ट आयक्यू स्टोअरमधून स्ट्राइडचं डेटा फील्ड (आकडा दाखवणारा रकाना) घेऊन रन ॲक्टिव्हिटीच्या स्क्रीनवर बसवायचं. वॅट या फील्डमधून येतात, घड्याळाच्या मूळ रनिंग पॉवरमधून नाही. वेग आणि अंतरही पॉडवरून हवं असेल तर सेन्सरच्या यादीत तो फूट पॉड म्हणून जोडायचा. पैशाची मेंबरशिप वेगळी आहे, ती घेतली नाही तरी वॅट दिसतात. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, त्याला पंधराशे रुपयांचं ‘कॅलिब्रेशन’ लागत नाही. सेकंडहँड घेत असाल तर जुन्या मालकाने त्याच्या खात्यातून पॉड काढावा आणि तुमच्या फोनवर, तुमच्या खात्यात तो जोडला गेला की मगच पैसे द्यावेत. ‘ॲपची गरज नाही’ म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार.

आणि घड्याळ त्याच्या हातात द्यायचं नाही. सेटिंग त्याने सांगावं, बटणं आपण दाबावीत. खरा विक्रेता याला कधीच नाही म्हणणार नाही.

मी त्याला फोन केला तेव्हा पहिल्यांदा “ताई, फर्मवेअरचा इश्यू असेल, मी बदलून देतो” असं झालं. 1816 चा स्क्रीनशॉट पाठवल्यावर निळ्या खुणा आल्या आणि नंबर बंद. मग 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे एक गोष्ट स्पष्ट कळली: पैसे गेल्यावर लगेच, काही तासांत फोन केला तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. माझ्या बाबतीत मधे बराच काळ गेला होता, खातं रिकामं. पोलीस चौकीत अर्जही दिला. समोरासमोर भेटून फसवलेलं असलं तरी हा फसवणुकीचाच गुन्हा, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 318. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, चॅट, बिल, बॉक्सचे फोटो आणि एनआरएफ कनेक्टचा स्क्रीनशॉट असं सगळं जोडलं. पैसे अजून आलेले नाहीत.

ग्रुपवर हे टाकल्यावर आणखी काही जणांनी आपापले पॉड तपासले. एकाचं वजन बारा किलोंनी वाढवलेलं निघालं. एकीचा पॉड साधा फूट पॉड होता, 1814 वाला. म्हणजे माल प्रत्येक वेळी सायकलचाच असेल असंही नाही, त्यामुळे क्रमांक 1814 दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पॉड घरी ठेवून पळायची चाचणी मात्र दोन्ही ठिकाणी लागू पडली.

पॉड ज्यांनी त्याच्याकडून घेतला नाही, पण ओळखीत घड्याळाचं सेटिंग करून घेतलं, त्यांनीही आजच युझर प्रोफाइलमधलं वजन बघावं. ते बदललेलं असेल तर नुसतं दुरुस्त करून भागणार नाही. त्या काळात काढलेले पॉवर झोन (किती जोराने पळायचं ते सांगणारे वॅटचे टप्पे) चढ्या आकड्यांवर बसलेले असतील. ते पुसून, बरोबर वजनावर नव्याने टेस्ट देऊन काढावेत, नाहीतर रेसच्या दिवशी जमणार नाहीत असे वॅट गाठायला जाल.