अँबॅसिडरच्या एस. यू. कार्बोरेटरचं डॅशपॉट ऑइल : खान्देशात तिन्ही ऋतूंत वापरल्यावर

१४८९ सीसीची पेट्रोल अँबॅसिडर, एस. यू. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि हिवाळ्यापासून त्याच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या चेंबरमधल्या ऑइल भरायच्या पोकळीत, एसएई २० ग्रेडचं (हा आकडा ऑइलच्या घट्टपणाचा) ऑइल. गाडी बहुतेक भुसावळ-जळगाव-धुळे हायवेवर, अधूनमधून चाळीसगावहून कन्नडचा घाट. निकाल आधीच सांगतो. ऑइल चांगलं आहे, पण मे महिन्यात आपल्याकडे ते पातळ पडतं. आणि ‘ऑइल पितो’ म्हणून बदलायला काढलेले बरेचसे कार्बोरेटर निर्दोष असतात.

हे ऑइल मुळात वंगणासाठी नाही. रेस दिली की चेंबरमधला कार्बोरेटरचा पिस्टन (इंजिनचा नव्हे) झटकन वर उडू नये, दमानं चढावा, त्या क्षणी जेटमधून, म्हणजे पेट्रोल येण्याच्या बारीक तोंडातून, पेट्रोल जास्त ओढलं जावं, यासाठी ते असतं. ऑइल नसेल तर पाय दाबताच गाडी गचका खाते, पिकअप मरतो, कधी कार्बोरेटरमधून उलटा फटका येतो. एका वेगाने चालताना मात्र काहीच जाणवत नाही, म्हणून हायवेवर चालणाऱ्याला दोष उशिरा कळतो.

आता लेव्हल. सगळा घोळ इथेच होतो. डँपर म्हणजे चेंबरच्या टोपीला लटकणारी, पिस्टनच्या पोकळ दांडीतल्या ऑइलमध्ये बुडणारी सळई. तिच्या टोपीला वर बारीक भोक असेल तर ऑइल त्या पोकळ दांडीच्या तोंडापासून १३ मिमी वर हवं. टोपी बंद असून चेंबरच्या मानेत आडवं भोक असेल तर तो धूळरोधक प्रकार. त्यात लेव्हल दांडीच्या तोंडाखाली १३ मिमी. ही भोकं सोडली तर दोन्ही प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. दुसऱ्या प्रकारात पहिल्याच्या मापाने ऑइल ओतलं, किंवा कुठल्याही प्रकारात गळ्यापर्यंत भरलं, की जास्तीचं ऑइल दांडीच्या बाहेरून चेंबरमध्ये उतरतं आणि इंजिनात जळून जातं. सायलेन्सरमधून थोडा निळसर धूर येतो, दुसऱ्या दिवशी लेव्हल खाली दिसते, मालक परत भरतो. ही गळती नव्हे. भरणं थांबवा, लेव्हल दांडीच्या तोंडाशी येऊन टिकते का ते बघा. टिकली तर कार्बोरेटरला हातही लावू नका.

रोजच्या तपासणीला पट्टी लागत नाही. डँपर काढून परत आत सोडा. टोपी बसायला साधारण ६ मिमी बाकी असताना हाताला अडथळा जाणवला, तर ऑइल पुरेसं आहे. डँपर सावकाश उपसावा. हिसका दिला तर पिस्टनही त्याच्यासोबत वर येतो.

लेव्हल दांडीच्या तोंडाखालीही उतरतच राहिली, तर मात्र खरी गळती, आणि ती शोधायला काचेची बरणी पुरते. चेंबर-पिस्टन काढा (आधी दोघांवर जुळणीची खूण करा), पिस्टन पुसून कोरडा करा आणि त्याच्या खालची, जेटमध्ये शिरणारी सुई खाली लोंबेल असा बरणीच्या तोंडावर ठेवा. दांडीत ऑइल भरून रात्रभर राहू द्या. सकाळी सुईवर किंवा बरणीच्या तळाशी ऑइल दिसलं, तर दांडी पिस्टनमध्ये जिथे ठोकून बसवलेली असते तिथून पाझर आहे. यावर एम-सीलचे प्रयोग करू नयेत. पिस्टन आणि चेंबर जोडीनेच बदलावेत, कारण त्यांच्यातली फट जोडीने जमवलेली असते. त्याच कारणाने आतून सँडपेपर कधीच मारू नये. पेट्रोलने धुवावं, फडक्याने पुसावं, फक्त दांडीला बाहेरून एक थेंब ऑइल. कापसाच्या हंगामात शेतरस्त्यांवर काळी धूळ फार उडते, तेव्हा ही धुलाई एकदा करावीच.

बरणी कोरडी, लेव्हल बरोबर, तरी गचका जात नाही? मग डँपर बघा. त्याच्या टोकाची छोटी झडप वर जाणाऱ्या पिस्टनला अडवते, खाली येणाऱ्याला सोडते. ती झिजली तर ऑइल असूनही अडथळा नसतो. बोटाने पिस्टन उचला: वर जड, सोडल्यावर अलगद खाली येऊन ‘टक्’ वाजायला हवा. ‘टक्’ वाजलं नाही तर घाण साठली आहे किंवा सुई जेटला घासते आहे.

पेट्रोलचा वास किंवा ओल ही वेगळी तक्रार. ओव्हरफ्लो नळीतून थेंब पडत असेल तर फ्लोटची नीडल व्हॉल्व्ह (कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी झडप), जेटखाली ओल असेल तर जेटच्या नळीचं रबर. डॅशपॉटचा त्याच्याशी संबंध नाही.

ऋतूंचं म्हणाल तर हिवाळ्यात आणि पावसाळ्यात एसएई २० ला तोड नाही. थंड इंजिनावरही पिकअप साफ. पण बाहेर ४४-४५ अंश आणि घाटात बोनेट तापलेलं असलं की तेच ऑइल पाण्यासारखं होतं, दुसऱ्या गिअरमध्ये रेस देताना गचका परत येतो. तिथे साधं २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल सरस ठरलं. १०० अंशांवर एसएई २० चा घट्टपणा ९.३ सेंटीस्टोकच्या आत असतो, २०डब्ल्यू-५० चा किमान १६.३. हेच ऑइल डिसेंबरच्या सकाळी जरा जड वाटतं, रेस देताना मिश्रणात पेट्रोल नको तितकं वाढतं. म्हणून एप्रिल-मे २०डब्ल्यू-५०, पाऊस लागला की परत २०. शिलाई मशीनचं तेल फारच पातळ. ब्रेक ऑइल तर चुकूनही घालू नका.

एका वेळी लागतं ते काही मिलीच, त्यामुळे मोठी बाटली घेऊ नका. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज डिकीत ठेवा. भरायलाही तीच, जास्त झालेलं उपसायलाही तीच.