बदलीसाठी 4,25,000 गेले, कोणी 'मंत्रालयातला माणूस' गाठून दिला तर आधी हे वाचा

घरात अजून पूर्ण आकडा माहीत नाहीये, पण बदल्यांचा सीझन आलाय म्हणून लिहितोय.

बायको सरकारी नोकरीत, पोस्टिंग नंदुरबारला, मी आणि मुलगा सांगलीत. पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज रीतसर दिलेला, विचारलं की एकच उत्तर, 'वर पाठवलाय'. आता मला कोणी नीतीचे डोस पाजू नका, पोराला आई महिन्यातून एकदा दिसते तेव्हा माणूस काहीही करतो, आणि बदलीला पैसे लागतात हे या राज्यात शेंबडं पोरही सांगेल. त्या 'मंत्रालयातल्या माणसाचा' नंबर साडूंनी दिला, त्यांचं काम त्यानेच केलेलं म्हणे.

बोली 4 लाखांची. टोकन 1,50,000 रोख. मंत्र्यांच्या लेटरहेडवरचं शिफारसपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तेव्हा 2,00,000. वर 'फाइल सहीला आहे, खालच्या टेबलांचं बघावं लागेल' म्हणून 75,000 गुगल पेने, तेही कुठल्यातरी मोबाइल शॉपीच्या खात्यावर. रोख देताना निदान मोबाइलचं रेकॉर्डिंग तरी चालू ठेवा.

आणि ते मंत्रालयाचं गार्डन गेट, जिथून बाहेरचे लोक पास काढून आत जातात! आठवलं की अजून डोकं फिरतं. मंत्री मला नावाने हाक मारतात, बंगल्यावर चहा होतो, असं सांगणारा हा माणूस दुपारी दोनच्या पाससाठी माझ्यासोबत लायनीत उभा होता, आधार कार्ड हातात धरून, घाम पुसत! ज्याचं आत एवढं वजन त्याला कोणी आतून पास काढून देईना? तेव्हा तो म्हणाला 'हल्ली कॅमेरे लय आहेत, साधंच जायचं', आणि मला ते पटलं पण, कारण पटवून घ्यायचंच होतं. आत मला बाकड्यावर बसवलं, हा एका केबिनमध्ये गेला, दहा मिनिटांनी हसत बाहेर, 'बोलणं झालं'. शिपायाला टाइम विचारायला गेला असेल!

बदल्यांचा सीझन संपतो तो 31 मे गेला, ऑर्डर नाही. मग फोन उचलणं बंद. शिफारसपत्राचा जावक क्रमांक आरटीआय टाकून विचारला तर तसं पत्रच निघालेलं नाही. हे पैसे द्यायच्या आधी विचारा, दहा रुपयांत होतं.

पोलीस स्टेशनची वेगळीच तऱ्हा. आधी सांगलीवाले म्हणाले पैसे मुंबईत दिले ना, मग तिकडे जा. मुंबईवाले म्हणाले राहता तिकडे जा. आता कायद्यात गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवायचा असतो, हे सांगितलं तर साहेब चिडले, 'लाच द्यायला गेला होतात, 2018 पासून देणाऱ्यालाही 7 वर्षं आहेत, लिहू का तसं?' म्हणजे फसवणारा बाहेर आणि धमकी मला. लाचलुचपतवाल्यांकडे गेलो तर तो लोकसेवक नाही म्हणून आमचं काम नाही. अहो, भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम 7अ मग कशाला आहे, वशिला लावतो म्हणून पैसे घेणाऱ्या कोणालाही ते लागतं की! साधा अर्ज घेतला, पोच द्यायला पण कुरकुर. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

आणि धंदा कसा चालतो ते साडूंच्या ऑर्डरची तारीख बघितल्यावर कळलं. त्यांची तीन वर्षं भरलेली होती, ती बदली नियमानेच होणार होती, 2005 चा बदली कायदा आहे. हा दहा जणांकडून घेतो, दोघा-तिघांचं आपोआप होतं, ते आयुष्यभर त्याची जाहिरात करतात, उरलेले तोंड उघडू शकत नाहीत. बायकोच्या नोकरीवर येईल म्हणून मीही गप्प होतो, राजकीय दबाव आणणं सेवा नियमात गैरवर्तन धरतात हे त्याला पक्कं माहीत असतं.

20,000 परत आले, तेही साडूंनी लाजेखातर दिलेत. त्याचा नंबर चालू आहे, परवाच्या स्टेटसला एका नेत्याच्या वाढदिवसाचा फोटो, हा मागच्या रांगेत मान उंच करून.